दोन वल्ही

कुर्ल्याच्या भंगारवाल्याने गोणपाटात शिवलेला मदरबोर्ड
दापोली एस.टी.तून हर्णैला उतरला
तेव्हा त्याला सुक्या बांगड्याचा वास लागला होता,
परतीच्या रिकाम्या टोपल्यांचा.
अंगावर बँकेचं नाव, अर्धं खरवडलेलं,
खाली मालमत्ता क्रमांक
आणि तो निकामी ठरला त्या दिवसाची तारीख.

निकामी.
बंदरावरून माझ्या दुकानात येतं ते सगळं निकामीच असतं:
पाणी प्यायलेले वायरलेस,
खोली सांगताना अडखळणारे फिशफाइंडर.
एकदा तर कुणीतरी इस्त्री आणली होती.

प्रोसेसर दोन वाटांनी आले.
एक बंगळुरूहून, फोमच्या घडीत,
एक बोर्डावरच बसून, जुनी पेस्ट
खवल्यांसारखी सुकलेली.
स्पिरिटने पुसली, खालून नंबर निघाला.
दोघांचे नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळावे लागतात,
नाहीतर ही सोयरीक होत नाही.
जुळले.

रॅमच्या सोळा पट्ट्या.
बाकीचं सामान जमेपर्यंत सात महिने गेले,
तेवढ्यात आमच्या हवेने त्यांच्या सोनेरी दातांवर
हिरवट थर चढवला.
भाचीचं खोडरबर घेतलं, एकेक घासली.
तिने दुसऱ्या दिवशी शाळेत मार खाल्ला
असं ती सांगते. मला खरं वाटत नाही.

हा बोर्ड कुठल्याच पेटीत मावेना.
नियामत होडेकर, इंजिनवाला, म्हणाला, "माप दे."
होडीच्या डागडुजीतून उरलेलं प्लाय,
पुढे बारीक जाळी, कारण पालींना ऊब आवडते,
आणि एका बाजूला, हाताच्या सवयीने,
वल्हं अडकवायची कडी.
ती मी काढली नाही.

पहिल्यांदा बटण दाबलं तर पंखे असे किंचाळले
की समोरच्या बर्फाच्या कारखान्यातला माणूस धावत आला.
पडद्यावर एकच प्रोसेसर. निम्मी रॅम गायब.
दुसरा जागेवर बसलेला, पण थंड.
एकाच बाजूचं वल्हं मारलं
की होडी पुढे जात नाही,
स्वतःभोवती फिरते.

तीन रात्री भिंगाखाली.
दोन हजार अकरा पिना, तांदळाच्या कण्यांहून बारीक,
त्यातली एक, कोपऱ्यातली, शेजारणीच्या अंगावर रेललेली.
जाळ्याची सुई जाड पडली.
गुरांच्या दवाखान्यातून इंजेक्शनची आणली, आतून पोकळ.
पिनेचं टोक तिच्या पोटात घेतलं,
श्वास धरला,
केसभर उभी केली.

दोन. बत्तीस धागे.

या दोघांनी पूर्वी काय मोजलं असेल?
मध्यरात्रीचं व्याज, चुकलेले हप्ते,
कुणाकुणाच्या सह्या.
आता त्यांच्यापुढे वाळू आहे:
दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक फिशफाइंडरमधून
मालकाला विचारून उतरवलेल्या
अकरा वर्षांच्या खोलीच्या नोंदी.
आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी
वाळूची दांडी दर उधाणाला जागा बदलते.
गेल्या भाद्रपदात हरेश्वर चोगल्यांची होडी
तिच्यावरच चढली. पोराचा हात मोडला.

चोगले तांडेल स्वतः बघायला आले.
पडद्यावरच्या निळ्यापिवळ्या पट्ट्यांकडे
बाजारात मासा बघतात तसं बघितलं.
"हिथं नाय," म्हणाले,
आणि डिझेलचा अंगठा काचेवर टेकवला,
"हिथं येनार. माझ्या पायांना ठाव हाय."

मी काही बोलले नाही. डागही पुसला नाही.
रात्रभर गणित चाललं, दुकान भट्टीसारखं तापलं,
दोनदा लाईट लपकली, बॅटरीने धरून ठेवली.
सकाळी वाळू थांबली
डागापासून चाळीस हातांवर.

चाळीस हात म्हणजे जवळ
की लांब,
यावर आमचं अजून भांडण चालू आहे.