वितीला चार बोटं कमी

दार दोन मीटर दहा.
रोल्याच्या मागच्या गल्लीतून मोजून आणलेलं,
तरी पडद्यावर उंदराच्या बिळासारखं दिसलं.
हिशाम म्हणाला, मोठं कर.
किती?
डोळ्याला पटेल इतकं.

ही खूण कुठल्या टेपवर असते?

तीन शुक्रवार मी ती गल्ली मोजली.
दुपारी, जुम्म्याला शटरं खाली असतात
तेवढ्या वेळात.
स्टीलच्या पट्टीचा बोटांना चटका,
वहीवर घामाचे थेंब, थेंबाखाली आकडे:
गल्ली चार मीटर वीस.
एसीचा डबा जमिनीपासून दोन पस्तीस,
त्याच्या गळतीनं भिंतीवर पडलेली हिरवी रेघ
थेट खालपर्यंत.
मोइदूच्या कॅफेटेरियाचा काउंटर एक मीटर पाच,
कडेला कोपरांनी झिजलेला भाग वेगळा लिहिला,
कशासाठी, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

नमाज आटपून परकारचाचा आले.
"पट्टी कशाला गो बाय?"
खाली बसले, गुडघा कटकन वाजला,
फुटपाथच्या कडेला त्यांनी उभी वीत लावली,
वर उरलेली बोटं मोजली.
"वितीला चार बोटं कमी. पंधरा सेंटिमीटर.
ही कड मीच बसवली,
दापोली सोडून दुसरं वर्ष होतं."
मी पट्टी धरली. साडेचौदा.
"अर्धा नंतरच्या डांबरानं खाल्ला,"
म्हणाले, आणि डांबराकडे असं बघितलं
जसं उसने नेऊन न फेडणाऱ्याकडे बघतात.

स्टुडिओत आमचा एक राखाडी माणूस आहे.
एकशे ऐंशी सेंटिमीटर, ना नाक ना घाम.
रस्ता बांधताना आधी त्याला उभा करायचा,
मग त्याच्या मापानं जग.
आमच्या गल्लीत एकशे ऐंशीचं कोण आहे?
मोइदू चहा ओततो तो अंड्यांच्या क्रेटवर उभा राहून.
सिलिंडर वाहणारा नूर आलम
एका खांद्याकडून तीन बोटं बुटका झालाय.

पण खेळणाऱ्याचा डोळा त्याच्या स्वतःच्या डोक्यात नसतो.
तो पाठीमागून तरंगत येतो, दीड मीटर अंतर राखून,
पाळत ठेवल्यासारखा.
खरी गल्ली एवढ्या डोळ्याला पुरत नाही.
तो भिंतीत घुसतो, दारात अडकतो,
काउंटरच्या आतून मोइदूची पोकळ पाठ बघतो.
म्हणून सगळं वाढवायचं.
खरं माप खोटं दिसतं,
आणि खोटं नीट वाढवलं
की बघणारा म्हणतो, हुबेहूब.

तिसऱ्या शुक्रवारी भिंतीला पाठ लावून
डिलिव्हरीची पोरं उभी होती, सात जण,
हेल्मेटं पायांशी,
पोटं आत ओढलेली,
बुटांची टोकं उन्हाबाहेर राहावीत म्हणून.
मी सावलीची रुंदी मोजायला वाकले.
एकानं काही न विचारता पाय उचलला,
पट्टी खालून गेली,
पाय परत त्याच जागी.
अडतीस सेंटिमीटर.

सोमवारी मी सगळ्याला एक पूर्णांक चारनं गुणलं.
गल्ली, दार, एसीचा डबा, हिरवी रेघ.
फुटपाथची कड तेवढी सोडली,
साडेचौदाच ठेवली. हिशामला सांगितलं नाही.
भिंत उंच झाली तशी सावलीही आपसूक पसरली,
तिला कुणी सांगावं लागलं नाही.
आमच्या खेळात सूर्य खिळ्यावर टांगलेला,
कायम एक वाजून दहा मिनिटं.

त्रेपन्न सेंटिमीटर.
म्हणजे पंधरा जास्त.
मी टेबलावर वीत टेकवली,
चार बोटं दुमडली,
आणि उरलेल्या जागेकडे बघत बसले.
एवढ्यात एक बूट सरळ ठेवता येतो.

"आता बरोबर वाटतंय," हिशाम मागून म्हणाला.
पडद्यावर राखाडी माणूस
भर गल्लीत उभा होता,
उन्हात.
त्याला सरकवायचं माझ्या लक्षात आलं नाही.