डावी बाजू

पासवर्ड मला आठवला नाही, बोटांना आठवला.
कुत्र्याचं नाव, दोन आकडे, शेवटी उद्गारचिन्ह.
कुत्रा जाऊन सहा वर्षं झाली,
उद्गारचिन्ह अजून शेपटी ताठ करून उभं.

लिएपायाच्या बंदरात आज वाऱ्यानं मर्यादा ओलांडली,
क्रेन बंद.
भंगाराचं जहाज अर्धं भरून तसंच धक्क्याला.
चार वाजता अंधार. बाइबा रात्रपाळीला, इस्पितळात.
मी मुलाच्या जुन्या खुर्चीत,
गुडघे टेबलाला घासतायत.

शेवटचा डाव: आठ वर्षं, दोनशे चौदा दिवसांपूर्वी,
खेळानं सांगितलं.
इतका चोख हिशेब माझा
बाइबानंही कधी ठेवला नाही.

समोर कुणी कोल्हा. नावापुढे २०११,
जन्मसाल असावं.
त्या साली याच नकाशावर
रात्रीच्या रात्री जाळल्या आम्ही.

सहा गावकरी, एक टेहळ्या घोडेस्वार.
घोडेस्वाराला मेंढ्या शोधायला धाडलं आणि विसरलो.
घर बांधायचं जुनं बटण दाबलं.
ते आता पाडायचं बटण आहे.
माझी पिठाची गिरणी
माझ्याच हुकमानं बसली खाली.
झाडं संपली तरी तीन लाकूडतोडे उभेच,
आमची पोरं उभी असतात तशी, जेवणाची सुट्टी सरल्यावर,
पण त्यांच्या हातात निदान सिगारेट असते.

रोज चाळीस मीटरवरून बघतो मी:
माणसं चिमूटभर, ट्रक मूठभर,
आणि बावीस वर्षांत कुणाला ओरखडा नाही.
इथं खुर्चीत बसून
अख्खं गाव उपाशी मारलं.

एक मात्र जमलं. उजवीकडची भिंत.
दगडाला दगड, पुलावर भालाईत, मागे बुरूज.
डावीकडे काही नाही.
एक काठीसुद्धा रोवली नाही मी डावीकडे.

डावीकडे इल्मार्स असायचा.

मी ठरवून नाही केलं, हातानं केलं.
तिकडून धूळ उठली की एकच शब्द लिहायचा तो: ये.
आणि मी सगळं टाकून जायचो.
मग तो आयर्लंडला गेला, अळिंबीच्या शेडमध्ये, एका वर्षासाठी.
आधी तिथूनही खेळायचा.
मग पाळ्या जुळेनात, मग मुलगी झाली,
मग यादीतलं नाव करडं पडलं.
भांडण नाही झालं.
झालं असतं तर तारीख तरी लक्षात राहिली असती.

कोल्हा डावीकडूनच आला.
कुणीही आला असता, दाराला कडीच नव्हती.
शेतांतून घोडे, गोठ्यातून घोडे, पळता भुई थोडी.
शेवटी एक गावकरी उरला, टेकडीमागे बोरं तोडत.
त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

पोरानं विचारलं: तिकडे भिंत का नव्हती?
लिहिलं: तिकडे माणूस असतो.
पुसलं.
लिहिलं: गंज चढलाय.
तोवर तो पुढच्या डावात.

आणि गंज काय, मला ठाऊक आहे.
जहाजं भरभरून पाठवतो मी तो, वितळवायला.
त्याचं वजन होतं, पावती मिळते,
कुणीतरी सही करून घेतं.

दुसऱ्या डावात डावीकडे भिंत घातली.
हरलोच, पण बेचाळीस मिनिटं लागली त्यांना.
त्या भिंतीत एक दार ठेवलं होतं,
खेळाच्या दृष्टीनं मूर्खपणाचं,
तिकडून माझं कुणी येणार नव्हतं.

पहाटे साडेपाचला मुकादमाचा निरोप.
वारा पडलाय. ये.