सातवं घर

डेमिंगच्या दवाखान्यात मी मागच्या खोलीत बसते.
खिडकी नाही. टायरच्या दुकानाचं एक कॅलेंडर आहे
आणि दोन स्क्रीन :
डावीकडे डॉक्टरांनी लिहिलेलं,
उजवीकडे मी त्याचे आकडे करते.

ई, एक, एक म्हणजे मधुमेह, दुसऱ्या प्रकारचा.
तीन म्हणजे डोळ्यांत उतरलेला.
पाच, एक : दृष्टिपटलावर नको तिथे
नव्या रक्तवाहिन्या फुटल्यात,
आणि मधोमध, माणूस अक्षर जिथून वाचतो
तिथे सूज.
सहा घरं भरली.
सातवं डोळ्याचं असतं.
उजव्याला एक, डाव्याला दोन, दोन्हींना तीन,
आणि कोणता ते लिहिलंच नसेल तर नऊ.

नऊ पाहिला की विमा कंपनी बिल परत पाठवते.
त्यांचंही खरंच आहे म्हणा,
न सांगितलेला डोळा
कुणाच्या चेहऱ्यावर असतो?

त्या दिवशीची नोंद तीन ओळींची होती.
लेझर केलं. इंजेक्शन दिलं. चार आठवड्यांनी यावं.
बाजू राहून गेली होती. डॉक्टर अबेतांना
त्या दिवशी एकेचाळीस पेशंट होते, तेही दिसत होतं.

जे लिहिलं नाही ते झालं नाही :
विनिफ्रेड निवृत्त झाली तेव्हा
हे वाक्य आणि तिचा स्टेपलर मला देऊन गेली.
मी विचारणा पाठवली. तीतही
‘उजवाच ना?’ असं सुचवायचं नसतं.
‘कृपया बाजू स्पष्ट करावी.’
एवढंच.

वर नाव होतं. एउसेबिओ तेरासास.

शनिवारी किराणा दुकानाबाहेर तो मिरच्या भाजत होता.
सप्टेंबर. जाळीचं पिंप ज्वाळेवर गरगरत होतं,
सालं काळी होऊन उडत होती,
रांगेतलं प्रत्येक माणूस ठसकत होतं आणि खूश होतं.
पंधरा डॉलरचं पोतं, मी वीसची नोट दिली.
ती त्यानं डाव्या डोळ्याशी नेली,
वास घेतोय वाटावं इतकी जवळ.
आमच्या नोटा सगळ्या एकाच मापाच्या.
त्याच्या एप्रनच्या खिशात दहाच्या लांबट दुमडलेल्या,
पाचच्या चौघडी केलेल्या.
बोटांनी चाचपून एक चौघडी माझ्या हातात ठेवली.

उजवा गेलाय, मी मनात म्हटलं. म्हणजे एक.
तिथल्या तिथे घर भरलं असतं.
पण मी पाहिलं ते मिरच्या घेताना पाहिलं.
माझे डोळे म्हणजे नोंद नव्हे.

“दवाखान्यातच असतेस ना तू?
सांग त्या अबेताला, हे सगळं या धुरानं होतंय.”
“मी कागदांत असते,” मी म्हटलं,
आणि दोघंही हसलो, बहुतेक वेगवेगळ्या गोष्टींना.

गाडीत रामिरोनं विचारलं, गप्प का?
मिरची लागली, म्हटलं.
नवऱ्यालासुद्धा सांगायचं नसतं.
चौदा वर्षं अर्ध्या गावाचं रक्त, मूत्रपिंडं, पायांची बोटं
मी अशीच सांभाळत आलेय,
आणि पोस्टात भेटले की हवापाण्याचं बोलते.

सोमवारी उत्तर आलं. एकच शब्द.
दोन्ही.

मी तीन टाकला. स्क्रीन हिरवी झाली,
बिल पुढे गेलं,
त्यामागे रांगेत बावीस नोंदी होत्या, त्या केल्या.

संध्याकाळी पेट्रोल भरताना
पर्समधली ती चौघडी उलगडली.
पाचची नव्हती.
दहाची होती.

पंपावरचा मुलगा हात पुढे करून उभा.
मी ती पुन्हा घातली तिच्याच घड्यांवर,
आत ठेवली, कार्ड दिलं.
उद्या पाच परत करायला जायचं तर
काय म्हणून जायचं, आणि
किती पाहिलं म्हणून सांगायचं,
ते विनिफ्रेडनं काही सांगितलं नव्हतं.