बुधवारचं कोडं: दहापैकी साडेसहा

डुलुथ बंदराच्या टोकाला डोरीनचं कॅफे.
सकाळचे सहा. बाहेर उणे एकवीस.
मी पेननं सोडवते.
पेन्सिल त्यांना लागते
ज्यांना माघार घ्यायची सोय हवी असते.

एकतीस वर्षं उचलपुलाच्या केबिनमध्ये काढली,
बोट येईपर्यंत आडवे शब्द,
बोट गेल्यावर उभे,
मधे काय ते लोखंड वर, लोखंड खाली.
रिकामा चौकोन किती वेळ रिकामा ठेवायचा
हे मला कुणी शिकवू नये.

आजचं कोडं कुणा नवख्याचं.
पोस्ट ऑफिस. चीफ जस्टिस.
सीक्रेट सर्व्हिस. शॉर्ट नोटीस.
चौघांच्या शेपटाला तीच तीन अक्षरं,
आय, सी, ई : बर्फ.
आणि मधोमध, ऐटीत, सगळ्याचा उलगडा :
‘परक्याशी पहिला शब्द बोलणे.’
ब्रेक द आइस. बर्फ फोडणं.

फोडलास कुठे, बाळा?
चारही ठिकाणी अख्खा आहे की,
एक तडा नाही.
आणि ऑफिस म्हणताना कुणाचे दात वाजतात?
कागदावर बर्फ, कानात नुसती शिट्टी.
फोडायचाच तर दोन शब्दांच्या सांध्यावर फोड :
पब्लिक एनिमी. इलेक्ट्रिक ईल.
अलीकडे दोन अक्षरं, पलीकडे एक,
मधून काळं पाणी.
मार्चमध्ये पहिली बोट आत येते ना,
सरोवर अस्संच चिरत जातं.
केबिनमध्ये ये, दाखवते, म्हटलं असतं,
पण आता किल्ली माझ्याकडे नाही.

हे सगळं समासात लिहिलं, बारीक अक्षरात.
चांगलंही लिहिलं. मी काही सासू नाही.
‘दिवसभर धावते, अंथरूण सोडत नाही’ : नदी.
याला अर्धा गुण जास्त.

मग खालचा उजवा कोपरा.
आडवं : जुन्या मालिकेतला कुत्रा, पाच अक्षरी.
उभं : दुसरी एक नदी,
नकाशावर केसाएवढी, कुणाच्या देशातली कोण जाणे.
दोघांचं पहिलं अक्षर एकच,
आणि तेच नाही.
ही लबाडी आहे.
दोन अनोळखी माणसं गल्लीच्या तोंडाशी उभी करून
तिसऱ्याला नाव विचारायचं.
समासात लिहिलं : लबाडी. खाली दोन रेघा.

तरी चौकोन रिकामाच.

मालिका आम्ही बघायचो. शनिवारी, पोटावर पडून,
मी आणि वाइनो.
वाइनो तीन स्टूल सोडून बसलाय,
तोच पेपर, तेच पान, माझ्यासारखंच पेन.
चार वर्षं झाली. बाबांची बोट त्यानं
मला न विचारता विकली, भंगाराच्या भावानं.
तेव्हापासून आमच्यामध्ये तीन स्टूल
आणि डोरीन, जी कॉफी ओतताना
कधी याच्याकडे बघत नाही, कधी माझ्याकडे.

कपातली कॉफी गार झाली.
मी कोड्याकडे बघतच म्हटलं,
‘त्या कुत्र्याचं नाव काय रे होतं?’

डोरीनची किटली हवेत थांबली.
त्यानं घसा खाकरला, वर्षभराचा असावा.
‘डस्टी,’ म्हणाला. ‘डी.’
‘खात्री?’
‘कान पडलेला होता त्याचा. डावा.’
मी डी लिहिला.
तो म्हणाला, ‘आजची कल्पना काही जमली नाही.’
‘बर्फ फुटलाच नाही,’ मी म्हटलं.
‘सांध्यावर फोडायला हवा होता,’ तो म्हणाला,
आणि पैसे ठेवून निघून गेला.

आज गुरुवार. उत्तरं छापून आली आहेत.
रस्टी. आर.
गंजलेला.
तो शब्द त्याला आठवला नाही
यात मला नवल वाटत नाही.

कालच्या पानावर डी तसाच आहे,
शाईतला, खोडता न येणारा.
समासात गुण मात्र बदललेले नाहीत.
सहा वाजून दहा मिनिटं झाली.
त्याचं स्टूल अजून रिकामं आहे.
आला की सांगावं लागेल,
तू चुकलास म्हणून.