आतली बाजू

नारिनला ऑक्टोबरात अंधार लवकर पडतो.
मी बॅटरी धरून उभी.
"डोळ्यांत नको, नटावर धर," आई म्हणते.
मी नटावर धरते,
तरी उजेड हळूहळू तिच्या हातांकडेच सरकतो.

गाडी उचलण्याआधीच तिने चाकाचे नट सैल केलेत,
पान्ह्यावर उभी राहून, सगळं वजन टाकून.
काढलेलं चाक गाडीच्या पोटाखाली सरकवलंय.
जॅक बिचारा चांगला असतो,
पण त्याच्यावर विसंबू नये, म्हणते.

खालचा चौदाचा बोल्ट हलेना.
रॉकेल सोडलं. चहा झाला. तरी हलेना.
एसेनगुलकाका कुंपणावरून म्हणाले, उद्या मी बघतो.
उद्या पहाटे साडेपाचला चार सवाऱ्या आहेत, आई म्हणाली,
आणि पान्ह्याच्या दांड्याला पाइपाचा तुकडा चढवला.
बोल्ट असा किंचाळला
की पलीकडचं कुत्रं भुंकायचं थांबलं.

कॅलिपर सुटला.
"नळीवर लोंबकळू देऊ नकोस त्याला,
आतून चिरते ती. वरून कळतही नाही."
बांधायला काही सापडेना. मी घरात धावले,
मे महिन्यात शाळेच्या शेवटच्या घंटेला
वेणीत बांधलेली पांढरी फीत आणली.
काळा, तेलकट कॅलिपर स्प्रिंगला टांगलेला
आणि त्याच्या डोक्यावर एवढं मोठं पांढरं फूल.
आई हसली. हसताना नाक पुसलं, नाक काळं झालं.

बाहेरचा पॅड सहज निघाला.
जाड. जवळजवळ नवा.
चाकाच्या फटीतून रोज वाकून
ती हाच बघायची.
आतला उचकटावा लागला.
हातात आला नुसता पत्रा,
एका कडेला निळा पडलेला.

"पिन गंजून बसली," ती म्हणाली.
"सरकणंच बंद. मग एकीनेच घासायचं सगळं."
पिनेबद्दलच म्हणाली.
दोलोनचा घाट ह्या पत्र्यावर
किती वेळा उतरली असेल,
मागच्या सीटवर कुणाचं तरी बाळ झोपलेलं.

तेवढ्यात याकुत्स्कहून बाबांचा फोन, चेहऱ्यासकट.
मागे त्यांच्या खोलीतले आणखी तिघं जेवत होते.
"ब्रेक बघितलेस का?"
आईने दोन बोटांत उचलून कॅमेऱ्यासमोर धरला
तो बाहेरचा पॅड.
"अरे, भरपूर आहे की!"
"हो," आई म्हणाली. "भरपूर आहे."

माझी बॅटरी पत्र्यावर होती.
मी ती हलवली नाही.
बाबांना दिसलं का, माहीत नाही.
आणखी काही बोलणार होते ते,
पण रेंज गेली.

मग पिन निघेपर्यंत घासली, ग्रीस लावलं,
शिकंज्याने पिस्टन इंच इंच मागे दाबला.
नवे पॅड बसले. दुसऱ्या चाकाचेही.
मला गाडीत बसवलं, पाय जेमतेम पोचत होते.
"दाब. पहिल्यांदा पाय थेट तळाला जाईल.
घाबरू नकोस.
दाबत राहा."