दुसरी ओळ

किहनू बेटावरच्या वाचनालयात संगणक एकच,
आणि त्याच्या कुशीत खुपसलेला
बोटाच्या पेराएवढा वायरलेस तुकडा,
पार्नूच्या बाजारातून कुणीतरी स्वस्तात आणलेला.
त्याचा दिवा निळा असला की मायमूला बोटीचं वेळापत्रक दिसतं,
आणि पट्ट्यापट्ट्यांचे घागरे सावरत आलेल्या म्हाताऱ्या
फिनलंडातल्या नातवंडांशी बोलतात
पडद्याला नाक लागेल इतक्या जवळून.

महिन्या-दोन महिन्यांनी, रात्री,
संगणक आपणहून नवा कर्नल उतरवून घेई.
(फौजेतला नव्हे. हा आतला,
जर्दाळूच्या बाठीत गर असतो तसा.)
सकाळी दिवा काळा.
जुना ड्रायव्हर नव्या गाभ्यापाशी गेला
की किल्ली कुलपात शिरे, फिरत नसे.
ये रे माझ्या मागल्या.

मग एंडेलला निरोप.
चाळीस वर्षं जहाजांवर रेडिओ सांभाळलेला माणूस,
बाजूगाडीच्या मोटारसायकलवरून यायचा.
"बूट झटक," मायमू आतूनच ओरडायची.
ड्रायव्हर आणायचा तर नेट हवं,
नेट चालायचं तर ड्रायव्हर.
"पोहरा विहिरीत आणि दोरही विहिरीतच," तो म्हणायचा
आणि खिशातून पेनड्राइव्ह काढायचा,
धुरी दिलेल्या माशाचा वास असलेला.

ज्या हिवाळ्यात गुडघ्यांनी दगा दिला
त्या हिवाळ्यात तीन दुपारी बसून
त्याने एक लहानशी आज्ञावली लिहिली:
नवा कर्नल आला रे आला
की कुणी जागं व्हायच्या आत
त्याच्या मापाचा ड्रायव्हर पुन्हा शिवून ठेवायचा.
शिवून, हा त्याचाच शब्द.
"अंग वाढतं, मायमू. कापड तेच. शिवण उसवायची, परत घालायची."

मार्चमध्ये तो गेला,
समुद्र धड रस्ता नसतो, धड पाणी नसतो, त्या दिवसांत.
जमीन इतकी गोठलेली
की खड्ड्याला दोन दिवस लागले.

पुढे अकरा कर्नल आले.
कुणाला पत्ताही नाही.
एकदा मायमू उशिरापर्यंत पुस्तकं लावत होती.
बालविभागामागे पंखा अचानक घोंघावला,
चार मिनिटं घोंघावला, थांबला.
"बूट झटक," ती म्हणाली,
आणि मग बराच वेळ तेच पुस्तक
त्याच फळीवर लावत राहिली.

बाराव्याला दिवा काळाच.
आजीला घेऊन आलेली त्रीनू, पंधरा वर्षांची,
नोंदी उघडून बसली: चुकांमागून चुका,
सगळ्या एकाच नावावर अडलेल्या.
मग तिने आज्ञावली उघडली.
तिथे काही ओळी होत्या
ज्या यंत्र वाचत नाही,
आरंभी खूण असली की वगळून पुढे जातं:

# मायमू, हे एक दिवस मोडणार.
# कर्नलवाल्यांपैकी कुणीतरी कशाचं तरी नाव बदलेल
# आणि किहनूला कळवायचं विसरेल.
# घाबरू नकोस. बंद कर, चालू कर, यादी येईल.
# दुसरी ओळ निवड. जुना कर्नल तिथे आहे.
# तो मी पुसू दिलेला नाही.
# आणि बूट मी दर वेळी झटकत होतो.

त्रीनूने मोठ्याने वाचून दाखवलं.
शेवटची ओळ तिला कळली नाही.
मायमू खिडकीशी जाऊन
बोट आली का ते बघू लागली;
बोटीला अजून तीन तास होते.

दुसरी ओळ. निळा दिवा.
आजी तुर्कूशी बोलायला बसली,
अंतर लांबचं म्हणून आवाज चढवून:
जेवलास का, काय जेवलास, पुन्हा तेच का.
तिचं होईपर्यंत त्रीनू शेजारी
मूळ मजकुराचा कागदी छापा घेऊन ते नाव शोधत होती,
पेन्सिल दातांत.

सापडलं संध्याकाळी.
एक शब्द बदलायचा होता, तोही चार ठिकाणी.
नव्या कर्नलवर शिवण बसली.
एंडेलच्या ओळींखाली तिने तारीख घातली
आणि लिहिलं:

# बदललं. पुढच्या वेळी मला हाक मारा. पिवळं घर, धक्क्याजवळ.