बक्षीसपत्र

माँक्टनच्या चार बँका फिरून झाल्यावर
वेंडेलसमोर बसले:
कोटाला कुत्र्याचे केस, टेबलावर अर्धं सफरचंद,
आणि कुठल्या बँकेला कुठला आकडा खुपतो ते तोंडपाठ.
माझं खातं त्यानं तांदूळ निवडावेत तसं पाहिलं.
"हे वीस हजार डॉलर?"
वडिलांनी दिलेत.
"दिलेत, की उसने?"

आमच्या घरी हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.
काराकेतचे आल्फे तेरिओ, लॉबस्टर धरण्यात हयात गेली,
त्यांच्या वहीत डिझेल, दोरखंड, माझ्या दातांची तार,
सगळं मांडलेलं, ज्याच्या-त्याच्या नावावर.

छापील कागद पोस्टानं गेला:
ही रक्कम भेट आहे. परतफेडीची अपेक्षा नाही.
खाली सही.

दहा दिवस काही नाही.
व्याज पाव टक्का चढायच्या बेतात,
वेंडेल बँकेला थोपवतोय,
शुक्रवारपर्यंत, मग सोमवारपर्यंत.

पाकीट आलं. सही नीट, शाळकरी.
आणि समासात, पेन्सिलीनं:
महिन्यातून एका रविवारी जेवायला येत जा.

"बँक याला परतफेड समजेल," वेंडेल म्हणाला,
आणि खोडरबर माझ्यापुढे ठेवून
खिडकीबाहेर बघत राहिला.